भेंडीचा तारा, खोडरबराचं झाड: नाताळची कार्डं घरच्या घरी

दर नाताळात आमच्या शेजारच्या ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडचा स्थानिक ख्रिस्ती समाज) कुटुंबाकडून कुलकुलांचा, म्हणजे गोड तळलेल्या खाऊचा डबा येतो. डबा रिकामा परत देऊ नये ही आपली रीत, म्हणून ठाण्यातल्या आमच्या घरी डिसेंबरात खोडरबर आणि भेंडीच्या ठशांची कार्डं बनतात. चित्रकला येत नसली तरी चालतं, कारण इथे निम्मं काम पाणी करतं.

कागद 300 जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), वॉटरकलरचा घ्या. साधा कार्डपेपर पाण्याने फुगतो. ए-4चे दोन समान तुकडे करून प्रत्येक मधोमध दुमडला की दोन कार्डं होतात. जाड कागद घडीवर तडकतो, म्हणून आधी पट्टी धरून रिफिल संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबून घ्या. ठसा गुळगुळीत बाजूवर जास्त स्वच्छ येतो.

मुलांच्या दप्तरातले स्केचपेन रंगाला पुरतात. कागदावर रेघ ओढून ओलं बोट फिरवा. रंग पसरला तर पेन कामाचं. परमनंट मार्कर नको.

मोठ्या पांढऱ्या खोडरबरावर झाड काढून बाजूचा भाग कटरने कोरून टाका. नव्या रबरावर रंगाचे थेंब थेंब होतात, त्यासाठी बारीक पॉलिश पेपर हलकेच घासा. अक्षरं कोरणार असाल तर ती उलटी कोरा.

आता खरी गंमत. ठशावर थेट स्केचपेन फिरवा: शेंड्याला पोपटी, खाली गडद हिरवा, कडेला थोडा निळा. रंग वाळला तरी हरकत नाही. वीतभर अंतरावरून पाण्याचा एक-दोनदा फवारा मारा. ठसा नुसता ओलसर चमकला पाहिजे, पाणी साचलं तर झाडाचा डाग होतो. कागदावर दाबा, दहा आकडे मोजा, सरळ वर उचला. रंग एकमेकांत मिसळलेले दिसतील.

ठसा लगेच धुऊ नका! नवा रंग न लावता पुन्हा फवारा मारून शेजारी उमटवा, मग तिसऱ्यांदा. प्रत्येक झाड आधीच्यापेक्षा फिकट होत जातं. गडद झाड पुढे, फिकट मागे, थोडी वर. डिसेंबरच्या पहाटे ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात धुक्यात झाडं अशीच दिसतात, आणि माझ्या मते कार्डाचा जीव या फिकट ठशांतच आहे.

तारा भेंडीचा. देठाकडून आडवी कापली की पाच कडांचा तारा मिळतो. पहिल्या वेळी मी ताज्या कापाचाच ठसा मारला, तर चिकामुळे नुसते डाग पडले. काप पुसून पंधरा मिनिटं सुकू द्या, मग ब्रशने पिवळा जलरंग लावा.

बर्फ हवा असेल तर ठशांआधीच पांढरी मेणबत्ती कागदावर घासून ठेवा. तिथे रंग धरत नाही. ठसा अर्धवट उमटला तर ब्रशने भरून घ्या. 1843 साली लंडनला हेन्री कोल यांनी छापून घेतलेल्या पहिल्या नाताळकार्डातही रंग हातानेच भरले होते.

मजकूर बॉलपेनाने लिहा, जेल पेन ओल्या हाताने पसरतं. पूर्ण वाळल्यावर रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा म्हणजे बाक जातो. सकाळी डब्यात आधी खाऊ, वर बटर पेपर आणि मग कार्ड.