मका आणि जवाचा पाई क्रस्ट : या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, गोव्यात फोंड्यातलं आमचं स्वयंपाकघर. मानकुराद आंब्याची पाई करायची म्हणून क्रस्ट, म्हणजे सारण धरणारं पिठाचं कवच, साच्याच्या काठापर्यंत नीट चढवला होता. ओव्हनच्या काचेतून बघत होते, आणि दहा मिनिटांत ती उभी बाजू ओघळून खाली बसली. तळाशी वितळलेलं बटर साचलं होतं. वरून पिवळाधमक दिसणारा तो क्रस्ट सुरीने कापला तर आत ओला लगदा, आणि खाल्ला तर दाताखाली वाळूसारखी कचकच.

त्या एका क्रस्टमध्ये मी निदान पाच चुका केल्या होत्या. नंतर एकेक करून त्या सुटत गेल्या. आता हा क्रस्ट आमच्या घरी महिन्यातून दोनदा तरी होतो, आणि मैद्याच्या साध्या क्रस्टपेक्षा मला तो कितीतरी जास्त आवडतो. मक्याची गोडसर चव, जवाचा भाजल्यावर येणारा खमंग वास आणि तोंडात विरघळणारा खुसखुशीतपणा या दोन धान्यांशिवाय येत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी प्रमाण. ९ इंची, म्हणजे साधारण २३ सेंटीमीटरच्या साच्याला १२० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम जवाचं पीठ, ३० ग्रॅम मक्याचा बारीक रवा, १०० ग्रॅम थंडगार बटर, एक छोटा चमचा साखर आणि ४ ते ५ मोठे चमचे बर्फाचं पाणी. आपलं नेहमीचं खारवलेलं बटर असेल तर वेगळं मीठ घालू नका.

पौष्टिक करायचं म्हणून मैदा पूर्ण काढून टाकण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो आवरा. पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन मक्यात तयारच होत नाही, आणि जवातलं ग्लुटेन गव्हाच्या मानाने फारच दुबळं असतं. मैदा फार कमी केलात तर क्रस्ट साच्यातून अखंड निघणार नाही. जव पाव हिश्श्यावरून एक तृतीयांशापर्यंत वाढवता येतात, त्याहून जास्त घातले की क्रस्ट जड आणि चिकट लागतो. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा : जवात ग्लुटेन असतं. सिलिअ‍ॅकचा, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा, त्रास असलेल्या माणसाला ‘हे गव्हाचं नाही’ असं समजून जवाचा कुठलाही पदार्थ देऊ नका.

दुकानातच होणाऱ्या चुका

‘मक्याचं पीठ द्या’ म्हटलं की निम्म्या वेळा हातात कॉर्नफ्लोअरचं पाकीट येतं. ते पांढरंशुभ्र, बोटांत दाबलं की करकरणारं पीठ म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च, सूप घट्ट करायचा. त्याने क्रस्टला ना रंग येतो ना चव. आपल्याला हवा तो पिवळा मका, दळलेला, बारीक रव्याइतका. अगदी मऊ पीठ मिळालं तरी चालेल. पाकीट दाबून बघा, रंग बघा आणि मगच घ्या.

जवाचा घोळ याहून मोठा. जवाला मराठीत सातू म्हणतात खरं, पण पाकिटावर ‘सातूचं पीठ’ लिहिलेलं असतं ते बहुधा भाजलेल्या गहू-डाळ्यांचं, दुधात कालवून खायचं पीठ असतं. भाजलेलं पीठ पाणी वेगळ्याच तऱ्हेने पितं आणि क्रस्ट भुगा होऊन पडतो. दुसरी फसगत पूजेच्या सामानातल्या जवांची. होमात घालायचे किंवा घटात पेरायचे ते जव टरफलासकट असतात. दळले तर त्यांचं कूस पिठात राहतं आणि घशाला टोचतं. आजारी माणसाला बार्लीचं पाणी करून देतात ते पांढुरके, गुळगुळीत दाणे आणा. मिक्सरमध्ये थोडे थोडे फिरवा आणि मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळा. गिरणीत द्यायचे असतील तर आधी काय दळलं गेलं ते विचारून घ्या. एकदा माझ्या जवात नाचणी उतरली होती. नुकसान काही झालं नाही, पण क्रस्ट काळपट दिसला.

पीठ ताजं हवं, हेही इथेच सांगते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते, हे आपल्याला ठाऊक असतं. मका आणि जव यांचंही जुनेपणी बिनसतं, पण वेगळ्या तऱ्हेने. त्यांच्यातलं तेल खवट होतं, आणि गोव्याच्या पावसाळ्यात हे फार लवकर होतं. वास घ्या. रंगाच्या डब्यासारखा किंवा जुन्या शेंगदाण्यांसारखा वास आला तर ते पीठ बाजूला काढा. भाजून तो वास जात नाही.

आपलं मोहन गरम, इथे सगळं गार

शेजारच्या काकी चवथीच्या नेवऱ्या (आपल्या करंज्या) अशा करतात की चार दिवसांनीही त्या खुसखुशीत राहतात. त्या एकदा माझं काम बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगो, मोहन कडकडीत नको का?” प्रश्न अगदी रास्त होता, कारण तळणीच्या पदार्थात आपण तेच करतो. गरम तूप पिठाच्या प्रत्येक कणाला माखतं आणि पीठ मुठीत दाबलं की मुटका होतो. पाईत मात्र बटरचे छोटे तुकडे पिठात तसेच, न वितळता राहायला हवेत. ओव्हनमध्ये त्या तुकड्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि क्रस्टला हलकेपणा येतो.

आता गोव्याची हवा बघा. बटर २० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि ३२ ते ३५ अंशांना वितळतं. मे महिन्यात आपलं स्वयंपाकघर तेवढंच तापलेलं असतं, आणि हाताची ऊब वेगळी. खोबरेल तर २४-२५ अंशांनाच पातळ होतं, म्हणजे इथे ते जवळजवळ बाराही महिने पातळच. इंग्रजी पाककृतीत ‘बटर बाहेर काढून ठेवा’ असं लिहिलेलं असेल तर ती ओळ आपल्यासाठी नाही.

मी असं करते. बटर आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवते. तिन्ही पिठं आणि परातसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये. सकाळी सहा-साडेसहाला, ऊन चढायच्या आत, जाड किसणीवर बटर थेट पिठात किसते. मग बोटांच्या टोकांनीच, तळहात न लावता, भराभर चोळते. पीठ ओल्या रव्यासारखं दिसायला लागलं आणि मधेमधे तुरीच्या डाळीएवढे बटरचे तुकडे डोळ्यांना दिसले की थांबायचं. मधेच बोटांना तेलकट, चकचकीत लागू लागलं तर पुढे जाऊ नका. परात उचलून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मग परत या.

तूप वापरलं तर चालतं का, असं मला नेहमी विचारतात. चालतं, चव सुरेख येते. पण तुपात पाणी नसतं, त्यामुळे क्रस्ट नानकटाईसारखा ठिसूळ होतो. आणि बेकरीतल्या पॅटिससारखे पापुद्रे तर बटर घालूनही या पिठाला सुटणार नाहीत. ते तंत्रच निराळं आहे.

पाणी : सर्वांत जास्त क्रस्ट इथे बिघडतात

ही दोन्ही धान्यं पाणी पितात, पण सावकाश. मैदा लगेच ओला होतो. मक्याच्या कणाला आतपर्यंत भिजायला वेळ लागतो. जवात एक विरघळणारा, बुळबुळीत तंतू असतो, तो हळूहळू फुगतो आणि पाणी धरून ठेवतो. म्हणून पाच चमचे पाणी घातल्यावर गोळा चिकट वाटतो, आपण घाबरून वर आणखी मैदा भुरभुरवतो, आणि तासाभराने तोच गोळा कोरडा, चिरा पडलेला मिळतो. उलटंही होतं. गोळा सुका वाटला म्हणून पाण्याचा हात लावत गेलं की भाजल्यावर क्रस्ट पापडासारखा कडक होतो.

पाणी घालताना चार चमच्यांवर थांबा. थोडं पीठ मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा टिकला आणि अंगठ्याने हलकेच दाबल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला तर पाणी पुरेसं आहे. भुगा होऊन ओघळला तरच पाचवा चमचा. मळायचं मात्र अजिबात नाही. आपल्या हातांना कणीक तिंबायची सवय, त्यामुळे हे जड जातं. पण मळाल तर मैद्यातलं ग्लुटेन ताठ होईल, आणि भाजताना क्रस्ट आक्रसून साच्याच्या कडेवरून खाली उतरेल. माझ्या पहिल्या क्रस्टचं हेच झालं होतं. सगळं नुसतं गोळा करा, जाडसर चकतीसारखं दाबा, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. निदान दोन तास, जमल्यास रात्रभर. मैद्याच्या क्रस्टला अर्धा तास पुरतो, याला पुरत नाही.

रवा जाड असेल तर कचकच टाळायला भाकरीचीच युक्ती कामी येते. पिठाला चिकटपणा नसला की आपण उकळतं पाणी घालून भाकरीचं पीठ बांधतो ना, तसंच. ३० ग्रॅम रव्यावर तीन मोठे चमचे उकळतं पाणी ओता, वीस मिनिटं झाकून ठेवा, मग फ्रिजमध्ये पूर्ण गार करा. बटर चोळून झाल्यावर हा ओला रवा त्यात मोकळा करून मिसळा. पाण्याचे तीन चमचे इथेच खर्च झाले हे विसरू नका. वर एखादा, फार तर दोन चमचे लागतील.

लाटू नका, थापा

लाटताना हा क्रस्ट तुटतोच. पोळपाटावर पीठ पसरून, लाटून, उचलून साच्यात टाकायच्या नादात मी कितीतरी गोळे वाया घालवले. शेवटी थालीपीठ आठवलं. दुधाच्या पिशव्या कापून धुऊन ठेवलेल्या असतातच. दोन पिशव्यांच्या मधे चकती ठेवून हलक्या हाताने वाढवा, वरची पिशवी काढा, खालच्या पिशवीसकट उचलून साच्यात उलटा. फाटलं तर बोटांनी जोडा. या पिठात ताण कमी असल्यामुळे जोड लागतो आणि भाजल्यावर दिसतही नाही. नाहीतर सरळ साच्यातच बोटांनी थापा. तळ आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा मात्र तपासा, तिथे जाडी साचते आणि तेवढाच भाग कच्चा राहतो.

साचा भरला की काट्याने टोचे मारा आणि अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. साचा काचेचा असेल तर फ्रीझरमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये कधीही घालू नका, काच तडकते. या क्रस्टला पातळ अ‍ॅल्युमिनियमचा साचाच उत्तम, तळाला आच लवकर लागते.

रंगावर भरवसा ठेवू नका

‘सोनेरी होईपर्यंत भाजा’ ही सूचना मैद्याच्या क्रस्टसाठी आहे. आपला क्रस्ट मक्यामुळे कच्चा असतानाच पिवळा दिसतो. पहिल्या वेळी मी रंग बघूनच ओव्हन बंद केला होता.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) २०० अंशांवर निदान वीस मिनिटं तापू द्या. क्रस्टवर फॉइल बसवा आणि त्यात काठोकाठ चणे किंवा तांदूळ भरा. मूठभर टाकून भागत नाही, कडांनाही आधार हवा. बटर पेपर वापरणार असाल तर तो ओव्हनचा आहे ना ते पाकिटावर वाचा, कारण मेणाचा कागद धुरकटतो. साचा खालच्या कप्प्यात ठेवून १८ ते २० मिनिटं भाजा. मग फॉइल आणि चणे काढा, आच १८० अंशांवर आणा आणि आणखी १० ते १२ मिनिटं द्या. झाल्याची खूण म्हणजे तळ कोरडा आणि निस्तेज दिसतो, कडा साच्यापासून केसभर सुटते, आणि घरभर भाजलेल्या कणसाचा वास येतो. नखाने तळावर टकटक करा. भरीव आवाज आला तर पाच मिनिटं आणखी.

ओलं सारण

मानकुरादचा रस नुसता ओतला तर कुठलाही क्रस्ट टिकणार नाही. रस आटवून मांगाडाच्या (आंब्याच्या जॅमच्या) अलीकडे आणा, डाव फिरवला की कढईचा तळ क्षणभर दिसला पाहिजे. पावसाळ्यात अळमी (रानातली अळंबी) घालायची तर आधी मोठ्या आचेवर सगळं पाणी सुटून उडेपर्यंत परता. सुंगटांचंही (कोळंबीचंही) तसंच, हळद-मीठ लावल्यावर सुटलेलं पाणी काढून टाका. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. भाजलेला क्रस्ट गरम असतानाच त्याच्या तळाला अंड्याचा पांढरा फासून दोन मिनिटं परत ओव्हनमध्ये ठेवला की एक पातळ पापुद्रा धरतो आणि ओल अडते. अंडं चालत नसेल तर तळावर चमचाभर कोरडा मक्याचा रवा पसरा.

जून ते सप्टेंबर भाजलेला क्रस्ट ओट्यावर उघडा ठेवू नका, दोन तासांत मऊ पडतो. गार झाला की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. तरीही नरम झालाच तर सारण भरण्याआधी १६० अंशांवर सात-आठ मिनिटं तापवा आणि जाळीवर निववा. कच्ची चकती प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभर राहते. वापरायच्या आदल्या रात्री ती खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर नको.