गावाच्या पाण्याचा हिशोब मांडायचाय? आधी दोरी आणा

हवामान बदलाला तोंड देणारी शेती उभी करायच्या पोकरा योजनेत (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प) आमचं गाव आलं आणि ग्राम कृषी संजीवनी समितीत मीही होते. गावाच्या पाण्याच्या सूक्ष्म नियोजनाची पहिली बैठक आम्ही ठेवली ऐन कापूस वेचणीत, सकाळी 11 वाजता. आले नऊ जण, त्यातले दोघे रोज पारावर बसणारेच. म्हणून आधी वेळ बदला. जेवणं आटोपल्यावर बसा. कोरमसाठी घरोघर सह्या गोळा करत फिरू नका. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली कमी संख्या पुरते खरी. पण नुसती सही देणारा उद्या नवा बोअर मारायला मोकळाच.

‘हवामान बदल’ हा शब्द पहिल्या दिवशी काढूच नका. सरळ अहिराणीत विचारा, "आपला गावमा कितलं पानी शे?" म्हणजे आपल्या गावात पाणी किती आहे? मग बघा, कोण गप्प बसतं ते.

शिवारफेरीत म्हातारी माणसं आणि गुराखी पुढे हवेत. कुठला झरा कधी आटला, हे त्यांना तोंडपाठ असतं. परतल्यावर रांगोळीने नकाशा काढा, विहिरींच्या जागी कापसाची बोंडं ठेवा.

आता दोरी. टोकाला दगड, मीटर-मीटरवर गाठ. विहिरीतलं पाणी किती खोल आहे ते पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आत मोजा आणि दर वेळी काठावरच्या त्याच खुणेपासून. एकदा मे अखेर, एकदा दिवाळीच्या सुमारास. कठडा नसलेल्या विहिरीवर पोरांना नेऊ नका.

हिशोब सोपा आहे. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. 600 हेक्टरच्या शिवारात 600 मिलिमीटर पडला तर 360 कोटी लिटर. आकडा ऐकून लोक खूश होतात. मग पिकांनी प्यायलेलं, उन्हाने उडालेलं, नाल्याने पळवलेलं वजा करत जा. उरलेल्यातून आधी माणसं, गुरं, मग रब्बी.

इथेच भांडण लागतं. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात, हरभऱ्याचं दोनांत भागतं; गहू कोणी सोडायचा? भांडू द्या. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत कुठल्या फडात (शेतांच्या गटात) काय पेरायचं हे शेतकरी मिळूनच ठरवायचे, पाणी पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा माणूस, द्यायचा. आपल्याच खानदेशातली रीत आहे ही. महिला ग्रामसभा मात्र आधी घ्या, कारण टँकरची वाट बघत उभ्या आम्ही असतो. सभा उठायच्या आत ठराव मोठ्याने वाचून घ्या.

आणि विहिरींचे आकडे पंचायतीच्या फळ्यावर नकोत, पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर लिहा. दळण होईस्तोवर माणूस तेच वाचत उभा राहतो.