विरोधी आघाडीच्या राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला मिळालेला पाठिंबा कसा पारखावा

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली की एखादा मोठा नेता आपल्या आघाडीचा उमेदवार बाजूला ठेवून समोरच्या आघाडीच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर करतो आणि पुढे आठवडाभर तर्कवितर्कांना ऊत येतो. या निवडणुकीत आपण स्वतः मतदान करत नसल्यामुळे तिच्याकडे दुरून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. ती सवय मोडावी असे मला मनापासून वाटते, कारण या निवडणुकीचे जवळजवळ सारे आकडे उघड असतात आणि अशा पाठिंब्याचे खरे मोल काढण्यासाठी शाळेतल्या गुणाकाराहून अधिक काही लागत नाही.

सर्वप्रथम पाठिंबा जाहीर करणाऱ्या व्यक्तीला स्वतःला मत आहे का, हे पाहावे. लोकसभा, राज्यसभा आणि विधानसभा यांच्या निवडून आलेल्या सदस्यांनाच हे मत असते; राष्ट्रपतिनियुक्त खासदारांना आणि विधान परिषदेच्या आमदारांना ते नसते. बाळासाहेब ठाकरे यांनी २००७ साली प्रतिभा पाटील यांना आणि २०१२ साली प्रणव मुखर्जी यांना पाठिंबा दिला, तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. २०२२ साली द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर करणारे उद्धव ठाकरे हेही विधानसभेचे सदस्य नव्हते. म्हणजे अशा वेळी नेता देतो तो शब्द असतो आणि मत दुसऱ्यांना द्यायचे असते. त्यात मतदान गुप्त असते आणि या निवडणुकीत पक्षाला सदस्यांवर व्हिप (पक्षादेश) बजावता येत नाही, त्यामुळे शब्द आणि मत यांच्यातले अंतर नेहमी लक्षात ठेवावे. अमेरिकेत ही गोष्ट निराळी आहे. तेथे रिपब्लिकन पक्षाचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार बराक ओबामा यांना पाठिंबा दिला, तो कोट्यवधी सामान्य मतदारांचे मन वळवण्यासाठी होता. आपल्याकडे हा पाठिंबा मोजक्या, नावानिशी ठाऊक असलेल्या मतदारांपुरता असल्यामुळे तो मोजता येतो.

तो मोजायचा कसा, हे २००७ च्या उदाहरणावरून पाहू. आमदाराच्या मताचे मूल्य काढताना राज्याची १९७१ च्या जनगणनेतील लोकसंख्या विधानसभेच्या जागांनी भागतात आणि आलेल्या संख्येला पुन्हा एक हजाराने भागतात. महाराष्ट्राच्या २८८ जागांसाठी हे मूल्य १७५ येते, गोव्यासाठी २०, तर उत्तर प्रदेशासाठी २०८. सर्व राज्यांतील आमदारांच्या मतांच्या एकूण मूल्याला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागले की खासदाराच्या मताचे मूल्य मिळते. २००७ साली ते ७०८ होते. त्या वेळी भाजपशी युतीत असलेल्या शिवसेनेने रालोआने (भाजपच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय लोकशाही आघाडीने) पाठिंबा दिलेल्या भैरोसिंह शेखावत यांना सोडून काँग्रेसच्या प्रतिभा पाटील यांची बाजू घेतली. शिवसेनेचे २००४ साली निवडून आलेले ६२ आमदार धरले तर १०,८५० मते होतात, लोकसभेतील १२ खासदारांची ८,४९६ होतात, म्हणजे एकूण १९,३४६. राज्यसभेतील मोजक्या सदस्यांमुळे यात थोडी भर पडते आणि २००५ साली नारायण राणे यांच्यासोबत पक्ष सोडून गेलेल्यांमुळे थोडी घट होते. हीच मते एका बाजूची कमी होऊन दुसऱ्या बाजूला मिळतात, म्हणून निकालातील फरकावर त्यांचा परिणाम दुप्पट, म्हणजे सुमारे ३८,७०० धरावा. आता निकाल पाहावा: प्रतिभा पाटील यांना ६,३८,११६ आणि शेखावत यांना ३,३१,३०६ मते मिळाली, म्हणजे फरक तीन लाखांहून अधिक होता. शिवसेनेच्या पाठिंब्याविनाही पाटील सहज निवडून आल्या असत्या. आकड्यांपुरता हा प्रश्न येथे मिटतो, आणि त्या निर्णयाचा अर्थ गणिताबाहेर शोधावा लागतो हेही येथेच कळते.

त्यासाठी नेत्याने सांगितलेले कारण घ्यावे आणि ते त्याच्याच मागच्या-पुढच्या वागण्याला लावून पाहावे. जळगावच्या मराठी महिलेला देशाचे सर्वोच्च पद मिळत असताना आड येणार नाही, हे शिवसेनेचे २००७ चे कारण त्या पक्षाच्या साऱ्या राजकारणाशी सुसंगत होते. मात्र पाचच वर्षांनी शिवसेनेने पुन्हा रालोआचा कल डावलून मुखर्जी यांना मत दिले, आणि मुखर्जी बंगाली होते. मराठीपणाचे कारण दुसऱ्या वेळी लागू पडत नाही. म्हणून या पक्षाला मित्रपक्षापुढे आपले स्वतंत्र अस्तित्वही दाखवायचे होते, असा निष्कर्ष मला अधिक पटतो. बिहारमध्येही २०१७ साली असाच प्रसंग आला. तेव्हा काँग्रेस आणि राष्ट्रीय जनता दलासोबत सत्तेत असलेल्या नितीशकुमार यांनी रालोआचे उमेदवार आणि बिहारचे राज्यपाल राहिलेल्या रामनाथ कोविंद यांची बाजू घेतली, पण विरोधकांच्या उमेदवार मीरा कुमार तर बिहारच्याच कन्या होत्या. अशा वेळी प्रांताचे नाते कोणत्याही बाजूने सांगता येते आणि म्हणूनच ते निर्णायक मानू नये.

पाठिंब्यानंतर आघाडी मोडेलच, असे मात्र गृहीत धरू नये. या बाबतीत घाईने अंदाज बांधणारे फार दिसतात. नितीशकुमार यांनी २६ जुलै २०१७ रोजी, म्हणजे निकालानंतर सहाच दिवसांनी, राजीनामा देऊन दुसऱ्या दिवशी भाजपसह नवे सरकार बनवले हे खरे. परंतु शिवसेना २००७ आणि २०१२ या दोन्ही वेळा युतीतच राहिली, आणि झारखंड मुक्ती मोर्चाने २०२२ साली मुर्मू यांना मत देऊनही काँग्रेससोबतचे सरकार चालू ठेवले. एखादी घटना पुढच्या फाटाफुटीची नांदी आहे की नाही, हे त्या राज्यातील सत्तेचे ताणतणाव पाहूनच ठरवावे.

कधीकधी पाठिंबा उघड शब्दांत दिलाच जात नाही आणि अशी प्रकरणे वाचणे सर्वांत अवघड असते. १९६९ साली काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांच्या अर्जावर पंतप्रधान इंदिरा गांधी यांची सही होती. तरीही मतदानाच्या तोंडावर त्यांनी आपल्या सदस्यांना सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याची मोकळीक दिली. अपक्ष व्ही. व्ही. गिरी यांचे नाव न घेताही संदेश सर्वांना कळला. या निवडणुकीत तिसरे प्रमुख उमेदवार होते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने उभे केलेले चिंतामणराव देशमुख, ज्यांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले होते. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ मते हवी होती, म्हणून बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीची मते मोजावी लागली. त्यांतली ९१,८७९ रेड्डींकडे आणि केवळ १८,५६२ गिरींकडे गेली, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. उमेदवार दोनांहून अधिक असतील तर दुसरी पसंती कोण कोणाला देणार, हेही पाठिंब्याइतकेच बारकाईने विचारावे, हे या आकड्यांवरून पटते.

शेवटचे काम निकालानंतरचे आहे आणि बहुतेक जण ते करतच नाहीत. मतपत्रिका गुप्त असली तरी आमदारांच्या मतांची मोजणी राज्यवार जाहीर होते, त्यामुळे दिलेला शब्द पाळला गेला का, याचा बराचसा अंदाज घेता येतो. २०२२ चा महाराष्ट्र घ्यावा. उद्धव ठाकरे यांचे सरकार कोसळल्यावर ४ जुलैला एकनाथ शिंदे यांच्या सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने १६४ मते पडली. काही दिवसांनी, आपले मित्रपक्ष काँग्रेस आणि राष्ट्रवादी यशवंत सिन्हा यांच्यामागे उभे असताना, ठाकरे यांनी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला. शिवसेनेच्या ५५ आमदारांपैकी ४० शिंदे यांच्यासोबत गेल्याने ठाकरे यांच्याकडे १५ उरले होते, म्हणजे १७५ ने गुणल्यावर अवघी २,६२५ मते. १६४ मध्ये हे १५ आणि विश्वासदर्शक ठरावावर मत न देणाऱ्या विधानसभा अध्यक्षांचे एक मिळवले तर १८० होतात; मुर्मू यांना महाराष्ट्रातून १८१ आमदारांची मते मिळाली आणि सिन्हा यांना ९८. कोणी कोणाला मत दिले हे यातून सिद्ध होत नाही, परंतु जाहीर केलेला पाठिंबा आणि मोजलेली मते यांचा मेळ बसतो. खासदारांच्या बाबतीत मात्र राज्यवार आकडे नसल्याने हा पडताळा घेता येत नाही, आणि त्या वेळी ठाकरे यांच्या पाठिंब्याचे खरे वजन खासदारांतच होते: महाराष्ट्रातील १८ लोकसभा सदस्यांची ७०० च्या हिशेबाने १२,६०० मते. मतदान १८ जुलैला झाले आणि १९ जुलैला त्यांच्यापैकी १२ खासदार शिंदे यांच्या बाजूला गेले.