ड्रॅगला गाडी काढताय? ऑइलच्या या चुका आधी टाळा

लोणावळ्याच्या पुढे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग मीट, म्हणजे सरळ रेषेतली वेगाची शर्यत, असली की पिटमध्ये एक सीन हमखास दिसतो, बॉनेट उघडं, दोघंतिघं आत वाकलेले आणि एकजण डिपस्टिक पुसत म्हणतोय, "ऑइल तर फुल आहे रे, मग बेअरिंग का वाजतंय?" अरे बाबा, डिपस्टिक उभ्या गाडीचं सांगते. पळत्या गाडीत ते ऑइल कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसलंय हे तिला काय कळणार.

लग्नाच्या जेवणाचं आमटीचं पातेलं मांडीवर घेऊन गाडीतून कधी गेलायत का? ड्रायव्हरने जरा जोरात पिकअप घेतला की आमटी आपल्या पोटावर, आणि ब्रेक मारला की डॅशबोर्डवर. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, अगदी हेच होतं. एक जी, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाएवढा जोर लागला की ऑइलचा पृष्ठभाग सरळ ४५ अंशात तिरका होतो, मग ऑइल एका भिंतीवर चढतं आणि ऑइल ओढणारी पंपाची जाळी जर दुसऱ्या बाजूला असेल तर ती हवा ओढते. चार सिलिंडरच्या इंजिनाचा पंप फुल आरपीएमला अंदाजे मिनिटाला ४० लिटर ऑइल फिरवतो असं धरा, म्हणजे चेंबरमधलं चार लिटर सहा सेकंदात एक चक्कर मारून येतं (जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून काही परत वळतं ते सोडा). त्यातलं लिटर-दीड लिटर वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, अडकलेलं असतं. खाली उरतं किती, तुम्हीच बघा.

सगळी काळजी लाँचची, फिनिशनंतरची कुणालाच नाही

ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. आपल्याकडे बहुतेक गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह, रस्त्यावरच्याच, त्यांना लाँचला, म्हणजे सुटताना, एक जी मिळतच नाही, टायर फिरतात आणि गाडी तिथेच धूर काढते. पण ४०२ मीटरची रेस संपल्यावर? पुढे धावपट्टी संपताना दिसते, माणूस घाबरून ब्रेकवर उभा राहतो, आणि ब्रेकला हीच गाडी सहज एक जीच्या आसपास जाते. म्हणजे ऑइलला सगळ्यात मोठा धक्का रेस संपल्यावर बसतो, त्याच क्षणी इंजिन सात हजारावर असतं, थ्रॉटल बंद, गिअर तसाच. थ्रॉटल सोडला म्हणून बेअरिंगवरचा भार गेला असं समजू नका, पिस्टन आणि रॉडचं वजन त्या आरपीएमला रॉड बेअरिंगला तसंच हासडत असतं, आणि वंगण नाही.

आमच्या एका मित्राची जुनी पेट्रोल सेदान अशीच गेली. तिसऱ्या रनला ब्रेक मारताना ऑइलचा लाल दिवा एकदा लुकलुकला. "वायर लूज असेल," म्हणाला. चौथ्या रनला परत येतानाच टक टक टक सुरू. बरं, तो दिवा पेटतो कधी? साधारण पाच-सात पीएसआयला. सात हजार आरपीएमला पाच पीएसआय म्हणजे खेळ केव्हाच संपला, दिवा फक्त तेराव्याचं आमंत्रण देतोय.

यावर फुकटातला उपाय: लाईन पार झाली की पाय उचला, क्लच दाबा, आरपीएम खाली येऊ द्या आणि ब्रेक हळूहळू भरा.

जास्त ऑइल ओतणं

"अर्धा लिटर वर टाक, सेफ राहतं." किती वेळा ऐकलंय हे! थोडं वर, म्हणजे मॅक्सच्या खुणेपर्यंत किंवा केसभर वर, ठीक आहे. पण लिटरभर जास्त ओतलं की क्रँक त्यात ताकासारखं घुसळायला लागतो, ऑइलला फेस येतो, आणि फेस म्हणजे हवाच ना. प्रेशर पडतं, ऑइल तापतं, पॉवरही जाते, वर इंजिनमधली वाफ सोडणाऱ्या ब्रीदरमधून ऑइल बाहेर. खरा उपाय चेंबरमध्ये आहे: जाळीभोवती बॅफल (ऑइल अडवणाऱ्या आडभिंती), एका दिशेने उघडणारे छोटे दरवाजे आणि क्रँकखाली विंडेज ट्रे (क्रँक आणि ऑइलच्या मधे बसणारा पत्रा). ते दरवाजे उलटे वेल्ड केलेलं चेंबर मी डोळ्यांनी पाहिलंय, ऑइल जाळीकडे येऊ देण्याऐवजी अडवून धरत होते, म्हणून चेंबर बसवायच्या आधी हाताने दरवाजे हलवून बघा, जाळीच्या बाजूला उघडले पाहिजेत.

आणि जाळी ते चेंबरचा तळ हे अंतर. ६ ते १० मिमी साधारण चालतं. कमी असेल तर पंप गुदमरतो, जास्त असेल तर लवकर हवा ओढतो. मोजायचं कसं? कणकेचा गोळा. हो, घरची कणीक, जाळीच्या खाली लावायची, चेंबर गॅस्केटसकट बसवून दोन-चार बोल्ट आवळायचे, परत उघडून दबलेल्या कणकेची जाडी मोजायची. नंतर पुसायला विसरू नका एवढंच.

सिलिकॉनचे गांडूळ

वरच्या मित्राचं चेंबर उघडलं तेव्हा जाळीवर लाल सिलिकॉनच्या बारीक वळ्या चिकटलेल्या, अर्धी जाळी बंद. मागच्या वेळी चेंबर बसवताना कुणीतरी केकवर क्रीम काढल्यासारखी ट्यूब पिळली होती. बाहेर जेवढं दाबून येतं तेवढंच आतही येतं भाऊ. बारीक, सलग रेघ पुरे, आणि भरायच्या आधी सुकू द्या. अमेरिकन एलएस इंजिनवाल्यांकडे याच जातीचा दुसरा रोग आहे, पिकअप पाईपची (जाळीपासून पंपापर्यंतच्या नळीची) ओ-रिंग बसवताना चिरली किंवा चुकीच्या मापाची लागली की पंप तिथूनच हवा ओढतो आणि लोक पंप बदलत बसतात.

जाड ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा?

५डब्ल्यू-३० च्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतून गेजवर प्रेशर बघून खूश होणारे खूप. प्रेशर जास्त दिसतं कारण ऑइल वाहत नाहीये. हेडमधून खाली यायलाही वेळ लावतं. टॉप फ्युएलवाले, म्हणजे ड्रॅगमधल्या सगळ्यात वेगवान वर्गातले, ७० ग्रेडचं ऑइल वापरतात हे खरं, पण तिथे त्यांचं इंधन नायट्रोमिथेन पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरून ऑइल पातळ करतं आणि प्रत्येक रननंतर ते काढून फेकतात, आपली गाडी शनिवारी ड्रॅग आणि सोमवारी हिंजवडी. बेअरिंग क्लिअरन्स (बेअरिंगमधली फट) ज्या ऑइलसाठी ठेवलंय ते टाका. आणि पाण्याचा काटा मधे आला म्हणून लगेच लाँच करू नका, ऑइल पाण्यानंतर तापतं. ऑइल टेम्परेचर ८० अंशांच्या पुढे जाऊ द्या.

अ‍ॅक्युम्युलेटर लावला तरी

म्हणजे तो दाब साठवून ठेवणारा सिलिंडर. प्रेशर पडलं की आतलं ऑइल गॅलरीत, म्हणजे इंजिनमधल्या ऑइलच्या वाटांत, ढकलतो, चांगली वस्तू आहे. चूक अशी होते की इंजिन आयडलवर आणून बंद करतात आणि मग व्हॉल्व्ह फिरवतात, तोपर्यंत साठा चेंबरमध्ये परत. मग लेव्हल जास्त दिसते, म्हणून कोणी ऑइल काढून घेतो, आणि पुढच्या रनला खरंच कमी! व्हॉल्व्ह बंद करायचा तो प्रेशर वर असताना, आणि पुढच्या वेळी स्टार्ट करायच्या आधी उघडायचा.

मग शोधायचं कसं

नीट सेन्सर लावा, प्रेशर, आरपीएम आणि जी एकत्र लॉग करा, सेकंदाला एकदा नोंदवणारा लॉगर नको, प्रेशरच्या रेघेतला खड्डा पाव सेकंदाचाही असतो. जुना ठोकताळा हजार आरपीएमला १० पीएसआय, तो ढोबळ आहे पण कामाचा. खड्डा लाँचला दिसला तर ऑइल मागे जातंय, ब्रेकला दिसला तर पुढे, बॅफल त्या हिशोबाने. रनच्या शेवटाकडे प्रेशर हळूहळू उतरत गेलं तर चेंबर रिकामं होतंय, हेडचे ड्रेन बघा, ब्रीदरमधून येणारं ऑइल साठवणारा कॅच कॅन बघा, त्यात किती भरलंय ते मोजा. आणि अगदी सुरुवातीपासून आरपीएम चढतो तरी प्रेशर वाढतच नसेल तर जाळी, ओ-रिंग किंवा रिलीफ व्हॉल्व्ह.

घरी आल्यावर जुना फिल्टर कापा, कागद पिळून उन्हात धरा. करड्या रंगाची अगदी बारीक पूड जरा असतेच. तांबूस चमचम दिसली तर बेअरिंग झिजतंय, किल्ली खिशात ठेवा आणि चेंबर खोला.