एअर फिल्टर घरीच बदला

गाडीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात एअर फिल्टर बदलण्याची मजुरी दिसली, तर पुढच्या वेळी ती नक्की वाचवा. हे काम खरंच दहा मिनिटांचं आहे.

इंजिन बंद करून थंड होऊ द्या. बॉनेटखाली काळा प्लॅस्टिकचा डबा दिसेल, त्यातून जाड पाइप इंजिनकडे जातो. डब्याच्या क्लिपा किंवा स्क्रू काढा आणि जुना फिल्टर कसा बसवलाय ते आधी नीट पाहा. मोबाइलवर फोटो काढलात तर उत्तम. फिल्टर उजेडासमोर धरा. घड्यांमधून उजेड जेमतेम येत असेल, तर तो बदलायला झाला. कागदी फिल्टर पाण्याने कधीच धुऊ नका. डबा आतून ओलसर फडक्याने पुसा, मात्र इंजिनकडे जाणाऱ्या तोंडात धूळ किंवा पान पडू देऊ नका. सगळ्यात जास्त जपायचं ते इथेच. नवा फिल्टर घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिनचा प्रकार सांगा. रबरी कड चारी बाजूंनी नीट बसली की मगच झाकण लावा.

एसीचा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. तोही असाच निघतो, फक्त त्यावरच्या बाणाची दिशा चुकवू नका.

ब्रेकचं काम मात्र अनुभवी मेकॅनिककडेच द्या. तिथे पैसे वाचवायचा विचारही नको.