रेस बघायला जाताना स्टँडखाली ठेवायचा तुकडा

शहरातल्या रस्त्यांवरची रेस असली की मुख्य रस्ते बंद असतात. बाइक मैदानात किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर लावावी लागते. दुपारपर्यंत साइड स्टँड रुततो आणि बाइक आडवी होते, रांगेत असेल तर शेजारच्या बाइकलाही घेऊन पडते.

१. १० बाय १० सेंमीचा, ६ ते ८ मिमी जाडीचा प्लायवूडचा तुकडा सोबत न्या. याहून जाड नकोच: बाइक जास्त सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे कलंडते.
२. कोपऱ्यात भोक पाडून मीटरभर दोरी बांधा.
३. तुकडा स्टँडखाली सरकवा, दोरीचं टोक डाव्या हँडलला अडकवा. निघताना बसल्या बसल्या वर ओढता येतो.

दोरी खिशात गेल्याशिवाय बाइक हलवू नका, चाकात गुंतते.