जळालेले डाग आणि हलता हौद: माझा अनुभव

आमच्या मारवेल गवताच्या कुरणात पाण्याच्या हौदाभोवती गवत जळालेलं असायचं आणि डागांच्या कडेने काळपट हिरवं, माजलेलं. गाई त्याला तोंडही लावत नसत. "युरिया टाक," असं सगळ्यांनी सुचवलं. पण युरियातून मिळतं ते नत्र (नायट्रोजन) तिथे मुळातच जास्त होतं! गाय मुतते तेवढ्या जागेत हेक्टरी ५०० ते १००० किलो नत्राच्या हिशेबाने मात्रा पडते. गवताला ती पचत नाही. काही अमोनिया होऊन उडतं, बरंचसं नायट्रेट होऊन पावसाच्या पाण्यासोबत खाली झिरपतं. जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियमही नेतं, माती आम्लट होते. आणि खाली म्हणजे शेवटी आपलीच विहीर.

गाईंचं मूत एकाच जागी साचू नये म्हणून हौदाऐवजी ओढून नेता येईल अशी टाकी केली. झटका मशीनच्या (विजेचा सौम्य झटका देणाऱ्या कुंपणाच्या) तारेने कुरणाचे तुकडे पाडले, गाई रोज नव्या तुकड्यात. सरकी पेंड बेताची केली, कारण जादा प्रथिनांचं नत्र मुतातूनच बाहेर पडतं. पुढच्या पावसाळ्यात डाग बरेच विरळ झाले. जुन्या हौदाजवळ मका लावला. तो नत्राचा खादाड. फक्त पाण्याचा ताण बसलेला कोवळा मका हिरवा घालू नका, जनावराला नायट्रेटची विषबाधा होते.